आद्य ख्रिस्ती वाङ्मयांतील स्त्रिया

एखाद्या जुन्या ग्रंथांत कोणाचा आवाज ऐकूं यावा व कोणाचा येऊं नये, हें केवळ ग्रंथकर्त्याच्या हातीं नसतें. ग्रंथ लिहून झाल्यावर त्याची नक्कल करणारा लेखनिक, त्याच्या शब्दांवर चिन्हें घालणारा संपादक, तो दुसर्‍या भाषेंत नेणारा भाषांतरकार आणि लोकांपुढें त्याचा अर्थ सांगणारा प्रवचनकार, अशा अनेकांच्या हातांखालून तो जातो. यांतील प्रत्येकजण आपल्या काळच्या समजुती बरोबर घेऊन येतो. आणि मूळ मजकूर जेथें त्या समजुतींशीं जुळत नाहीं, तेथें आपली समजूत सोडण्याऐवजीं मजकुरालाच थोडेंसें वळण देतो. बहुधा यांत लबाडी नसते. समोर लिहिलेलें तसेंच असूं शकेल, असें त्याच्या मनाला शिवतच नाहीं. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या कांहीं शतकांतील स्त्रियांचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. त्यांचीं नांवें, त्यांचीं कामें, क्वचित् त्यांचे स्वतःचे शब्दही मूळ ग्रंथांत होते. ते वाचकांच्या दृष्टीआड कसे झाले आणि पुन्हां दृष्टीस कसे पडले, याची हकीकत एकेका शब्दाची, कधीं कधीं तर एका अक्षराची आहे.

पौल हा ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक. त्यानें इ. स. ५५ ते ५८ च्या सुमारास ग्रीस देशांतील करिंथ शहरांतून रोम येथील ख्रिस्ती मंडळीला एक दीर्घ पत्र लिहिलें. ख्रिस्ती तत्त्वविचाराचा एक आधारस्तंभ म्हणून या पत्राचें अध्ययन आज एकोणीसशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. परंतु पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय बहुतेक वाचक घाईनें उलटतात. कारण त्यांत सिद्धांत नसून निरोप आहेत. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, असा तो सारा मजकूर आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र हा अध्याय फार मोलाचा. सिद्धांत लिहितांना मनुष्य जग कसें असावें तें लिहितो. निरोप लिहितांना प्रत्यक्ष कोण होतें तें लिहितो.

या अध्यायांत पौलानें सव्वीस व्यक्तींना सलाम सांगितला आहे. त्यांपैकीं नऊ स्त्रिया आहेत: प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, युलिया, आणि नांव न दिलेल्या दोघी, म्हणजे रूफाची आई व निरियाची बहीण. ज्या फिबीच्या शिफारशीनें अध्यायाचा आरंभ होतो तिला धरलें म्हणजे दहा होतात. प्रचारकार्यांतील कष्टांसाठीं पौल एक ग्रीक क्रियापद वापरतो. स्वतःच्या कष्टांचें वर्णनही तो त्याच क्रियापदानें करतो. या अध्यायांत तें क्रियापद चौघांनाच लाविलेलें आहे, आणि त्या चौघीही स्त्रियाच आहेत: मरीया, त्रुफैना, त्रुफोसा व पर्सिस.

आतां फिबीकडे पाहावें. ती करिंथच्या बंदरांतील, म्हणजे किंख्रिया येथील मंडळींतली. ती रोमला जाण्यास निघाली होती, आणि पौलाचें हें पत्रही तिनेंच रोमला पोंचविलें असावें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. पौल तिला ‘दियाकोनोस’ म्हणतो. हाच शब्द तो स्वतःला लावतो, आणि अपुल्लो या आपल्या नामांकित सहकार्‍यालाही लावतो. १६११ सालच्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत पौल व अपुल्लो यांच्या ठिकाणीं या शब्दासाठीं धर्मसेवेच्या अधिकार्‍याला शोभेल असा प्रतिशब्द योजिला आहे. फिबीच्या ठिकाणीं मात्र साध्या चाकराला लावतात तो शब्द घातला आहे. पुढच्याच वाक्यांत पौल तिला ‘प्रोस्तातिस’ म्हणतो. त्या काळच्या व्यवहारांत हा शब्द आश्रय देणार्‍या, पैशानें व वजनानें इतरांना पाठीशीं घालणार्‍या स्त्रीला लावीत. त्याच भाषांतरांत त्याचा अर्थ केवळ मदत करणारी एवढाच उरला. लेखक तोच आणि शब्दही तोच; परंतु पुढें स्त्रीचें नांव आलें कीं त्याचें वजन उतरतें.

प्रिस्का ऊर्फ प्रिस्किल्ला व तिचा पति अक्विला यांच्या बाबतींत गोष्ट शब्दाची नसून क्रमाची आहे. हें दांपत्य तंबू करण्याचा धंदा करी. पौलाचाही धंदा तोच. नव्या करारांत या दोघांचा उल्लेख सहा वेळां आला आहे, आणि त्यांपैकीं चार वेळां पत्नीचें नांव आधीं आहे. त्या काळीं पतीचें नांव आधीं घेण्याची रीत असल्यामुळें हा क्रम सहज पडलेला नव्हे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत अलेक्झांड्रियाचा विद्वान वक्ता अपुल्लो याला या दोघांनीं जवळ घेऊन धर्ममार्ग अधिक बिनचूक समजावून सांगितला, असा प्रसंग आहे. तेथेंही प्रिस्किल्लेचें नांव पहिलें. परंतु आज केंब्रिज येथें असलेल्या, इ. स. ४०० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितांत नेमक्या याच ठिकाणीं क्रम उलटा केला आहे. अक्विला पुढें आला आहे व प्रिस्किल्ला मागें गेली आहे. या हस्तलिखिताच्या परंपरेंत प्रिस्किल्लेला मागें सारण्याचा कल दिसतो, असें बर्लिनचे इतिहासकार अडोल्फ फॉन हार्नाक यांनीं १९०० सालीं साधार दाखवून दिलें. एका विद्वान पुरुषाला एक स्त्री शिकविते, हें कोणा लेखनिकाला खटकलें, आणि त्यानें केवळ दोन नांवांची अदलाबदल केली.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत तर एका सर्वनामानेंच काम झालें आहे. निंफा नांवाच्या व्यक्तीच्या घरीं ख्रिस्ती मंडळी जमत असे. ज्याच्या घरीं मंडळी जमे, त्याचें त्या मंडळींत वजन असे, हें सांगावयास नको. कांहीं हस्तलिखितांत ‘तिच्या घरीं’ असें आहे, कांहींत ‘त्याच्या घरीं’, तर कांहींत ‘त्यांच्या घरीं’. आज अभ्यासक ‘तिच्या’ हाच पाठ मूळचा मानतात. त्याचें कारण साधें आहे. ‘त्याच्या’चें ‘तिच्या’ करण्याची इच्छा त्या काळीं कोणाला होण्याचा संभव फार थोडा. उलट बदल करण्याची इच्छा मात्र पुष्कळांना होण्यासारखी होती. तरी १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत निंफा पुरुष होऊन बसली.

या सर्वांत विलक्षण हकीकत युनियेची आहे. अंद्रोनिक व युनिया यांच्याविषयीं पौल लिहितो कीं, हीं दोघें आपलीं नातलग असून आपल्याबरोबर कारावासांत होतीं. प्रेषितांमध्यें तीं नामांकित आहेत आणि आपल्या आधीं ख्रिस्ती झालीं आहेत. मूळ ग्रीकमध्यें हें नांव द्वितीया विभक्तींत आलें आहे. युनिया हें स्त्रीचें नांव. त्याची द्वितीया, आणि ‘युनियास’ असें पुरुषाचें नांव कल्पिलें तर त्याची द्वितीया, या दोहोंचीं अक्षरें एकच होतात. फरक पडतो तो अक्षरावरील स्वरचिन्हाचा. अगदीं प्राचीन हस्तलिखितांत हीं चिन्हें घालण्याची चाल नव्हती.

प्राचीन वाचकांना मात्र या नांवाविषयीं शंका नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेला योहान क्रिसोस्टम हा स्त्रियांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध नाहीं. तरीही या वचनावर प्रवचन करतांना, प्रेषितांत गणली जावी अशी या स्त्रीची केवढी योग्यता, असे आश्चर्याचे उद्गार त्यानें काढिले आहेत. पौलाच्या पत्रांची जी सर्वांत जुनी मोठी प्रत उपलब्ध आहे, ती इ. स. २०० च्या सुमाराची असून इजिप्तमधून विसाव्या शतकांत उजेडांत आली. तिच्यांत या ठिकाणीं ‘युनिया’ऐवजीं ‘युलिया’ असें आहे. एका अक्षराची ही चूक असली तरी त्या लेखनिकाच्या मनांत स्त्रीच होती, हें त्यावरून उघड होतें. तेराव्या-चौदाव्या शतकांत रोमच्या एजिडियस या भाष्यकारानें या जोडीला दोन पुरुष मानिलें. मार्टिन लूथरच्या १५२२ सालच्या जर्मन भाषांतरानें तोच अर्थ घरोघर नेला. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी भाषांतरांत ‘युनियास’ आला. शेवटीं १९२७ सालीं, जगभरचे अभ्यासक जी ग्रीक संहिता प्रमाण मानतात त्या नेस्टले यांच्या आवृत्तींत, या नांवावर पुल्लिंगी स्वरचिन्ह बसविण्यांत आलें. त्यानंतर सत्तर वर्षें ग्रीक शिकणार्‍या विद्यार्थ्यापुढें पान उघडलें कीं तेथें एक पुरुष उभा असे.

हा पुरुष कोठून आला? शिलालेख व इतर लेख यांच्या अभ्यासकांनीं शोध घेतला, तेव्हां युनिया हें स्त्रीनाम एकट्या रोम शहरांतील प्राचीन लेखांत अडीचशेंहून अधिक वेळां आढळलें. युनियास या पुरुषनामाचें मात्र प्राचीन वाङ्मयांत वा शिलालेखांत एकही निर्विवाद उदाहरण मिळालें नाहीं. स्त्री प्रेषित असणें शक्य नाहीं, म्हणून हा पुरुषच असला पाहिजे. आणि पुरुष असला म्हणजे त्याला पुरुषाचें नांवही असलें पाहिजे, अशा अनुमानानें त्याचा जन्म झाला होता. १९७७ सालीं बर्नाडेट ब्रूटेन या अभ्यासिकेनें हा प्रश्न जोरानें पुढें मांडिला. १९९८ सालीं प्रमाण ग्रीक संहितेंत स्त्रीलिंगी स्वरचिन्ह परत आलें. यानंतर वादानें नवें वळण घेतलें. युनिया स्त्री होती हें मान्य करून, ती ‘प्रेषितांमध्यें नामांकित’ नव्हे तर ‘प्रेषितांना सुपरिचित’ होती, असा अर्थ कांहीं अभ्यासक २००१ पासून मांडीत आले आहेत. ग्रीक ही ज्यांची मातृभाषा होती त्या क्रिसोस्टमला मात्र पहिलाच अर्थ दिसला होता, ही गोष्ट या वादांत विसरतां येत नाहीं.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक प्रश्न सहज येईल. स्त्रियांनीं मंडळींत गप्प बसावें, असें याच पौलाच्या पत्रांत लिहिलें आहे ना? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत तशा अर्थाचीं वचनें आहेत खरीं. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायांत, स्त्रियांनीं मंडळींत प्रार्थना करतांना व ईश्वरी संदेश सांगतांना मस्तक कसें झांकावें याची चर्चा आहे. म्हणजे त्या बोलत होत्या हें तेथें गृहीतच धरिलें आहे. शिवाय चौदाव्या अध्यायांतील तीं वचनें कांहीं हस्तलिखितांत आपल्या नेहमींच्या जागीं नसून अध्यायाच्या शेवटीं येतात. यावरून तीं मूळचीं नसून समासांत लिहिलेली कोणाची टीप पुढें मजकुरांत शिरली असावी, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. स्त्रीनें शिकवूं नये असें सांगणारें तिमथ्याला लिहिलेलें पत्रही पौलानंतर दुसर्‍या कोणी त्याच्या नांवानें लिहिलें, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. याचा अर्थ असा कीं, ग्रंथांत दोन्ही आवाज आहेत. पुढच्या पिढ्यांनीं मनाईचीं वचनें हीच किल्ली मानिली, आणि फिबी, प्रिस्का व युनिया यांचीं कुलुपें त्याच किल्लीनें उघडण्याचा प्रयत्न केला.

लेखनिकाची चूक एका प्रतींत राहते. प्रवचनकाराची चूक लाखोंच्या मनांत घर करते. मग्दालाची मरीया हिच्या बाबतींत असेंच झालें. चारही शुभवर्तमानांप्रमाणें ख्रिस्ताच्या कबरेपाशीं पहांटे गेलेल्या स्त्रियांत ती होती. योहानाच्या शुभवर्तमानांत पुनरुत्थित ख्रिस्ताचें पहिलें दर्शन तिलाच होतें, आणि ती वार्ता शिष्यांना सांगण्याचें कामही तिच्याकडेच सोंपविलें जातें. लूक लिहितो कीं, ख्रिस्ताबरोबर गांवोगांव हिंडणार्‍या मंडळींत ती होती. हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसन्ना व इतर पुष्कळ स्त्रियाही होत्या, आणि त्या आपल्या पदरच्या पैशानें सर्वांचा खर्च चालवीत. मरीयेच्या अंगांतून सात भुतें निघालीं, एवढेंच तिच्या पूर्वायुष्याविषयीं तो सांगतो. ती पतित होती, असें चारही शुभवर्तमानांत कोठेंही लिहिलेलें नाहीं.

तरीही शेंकडों वर्षें युरोपांतील चित्रकारांनीं मोकळ्या केसांची, अश्रु ढाळणारी पश्चात्तापदग्ध वारांगना म्हणूनच तिला रंगविलें. हा समज पश्चिम युरोपांत दृढ होण्यास पोप पहिला ग्रेगरी याचें इ. स. ५९१ सालचें एक प्रवचन मुख्यतः कारण झालें. लूकाच्या सातव्या अध्यायांत ख्रिस्ताचे पाय अश्रूंनीं भिजविणारी एक निनांवी पापी स्त्री येते. योहानाच्या शुभवर्तमानांत बेथानीची मरीया त्याच्या पायांना सुगंधी तेल लाविते. मग्दालाच्या मरीयेची ओळख लूकाच्या आठव्या अध्यायांत होते. ग्रेगरीनें या तिघींची एकच स्त्री केली, आणि सात भुतें म्हणजे सगळे दुर्गुण असें सांगितलें. ग्रेगरीच्या काळीं रोमवर महापूर, प्लेग व परचक्र यांची आपत्ति कोसळली होती. घाबरलेल्या लोकांना पश्चात्तापाची आशा देणें हा त्याचा हेतु होता, आणि त्या दृष्टीनें हें प्रवचन प्रभावी होतें. परंतु त्याच्या भरांत, वार्ता घेऊन आलेली साक्षीदार मागें पडली व क्षमा मागणारी पापिणी पुढें आली. पूर्वेकडील ग्रीक मंडळीनें या तिघींना वेगळेंच ठेविलें होतें. रोमन कॅथलिक पंचांगाची १९६९ सालीं पुनर्रचना झाली, तेव्हां पश्चिमेंतही हा घोटाळा दूर करण्यांत आला. पुढें जून २०१६ मध्यें तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांची बरोबरी देण्यांत आली, आणि ‘प्रेषितांकडे धाडलेली प्रेषिता’ हें तिचें जुनें बिरुद पुन्हां गौरविलें गेलें. एका प्रवचनाची दुरुस्ती होण्यास चौदाशें वर्षें लागलीं.

याच मरीयेच्या नांवाचें एक शुभवर्तमानही होतें. दुसर्‍या शतकांतील हा ग्रंथ नव्या करारांत समाविष्ट झाला नाहीं, आणि पुढें तो लुप्तच झाला. १८९६ सालीं कार्ल राइनहार्ट या जर्मन विद्वानानें कैरो येथें एक जुनें कॉप्टिक हस्तलिखित विकत घेऊन बर्लिनला नेलें. त्यांत हा ग्रंथ निघाला. आरंभींचीं सहा व मधलीं चार पानें त्यांत नाहींत. १९१२ सालीं तो छापून होत आला होता. पण छापखान्यांतील पाण्याचा नळ फुटून छापलेलीं पानें नष्ट झालीं. मग दोन महायुद्धें आलीं, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५५ सालीं. त्यांतील कथा अशी: ख्रिस्त निघून गेल्यावर शिष्य भयभीत होऊन रडूं लागतात. मरीया त्यांना धीर देते व ख्रिस्तानें आपल्याला एकटीला सांगितलेलें ज्ञान त्यांच्यापुढें मांडते. अंद्रियाला ती शिकवण विचित्र वाटते. आणि पेत्र विचारतो कीं, आम्हांला वगळून तो एका स्त्रीशीं खासगी बोलला असेल काय? मरीयेला रडूं कोसळतें, आणि लेवी पेत्राला त्याच्या तापटपणाबद्दल दोष देऊन तिची बाजू घेतो. ख्रिस्ताच्या चरित्राचें साधन म्हणून या ग्रंथावर विसंबतां येत नाहीं. परंतु दुसर्‍या शतकांत स्त्रीच्या साक्षीवरून ख्रिस्ती मंडळींत वाद होता आणि त्या वादाला दोन बाजू होत्या, हें त्यावरून निर्विवाद सिद्ध होतें.

आतांपर्यंत उल्लेखिलेल्या स्त्रियांविषयीं इतरांनीं लिहिलें. पेर्पेतुआनें स्वतः लिहिलें. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहरीं इ. स. २०३ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याबद्दल कांहीं तरुणांना पकडण्यांत आलें. त्यांत सुमारें बावीस वर्षांची ही कुलीन, सुशिक्षित स्त्री होती. तिच्या अंगावर तान्हा मुलगा होता. तिच्याबरोबर फेलिसितास नांवाची गरोदर दासीही होती. तुरुंगांत पेर्पेतुआनें लॅटिन भाषेंत रोजनिशीसारखें टिपण लिहिलें. ख्रिस्ती स्त्रीनें स्वतः लिहिलेलें सर्वांत जुनें उपलब्ध लेखन तें बहुधा हेंच. त्यांत सिद्धांतांची चर्चा नाहीं. अंधारकोठडीची भीति आहे, उकाडा आहे, दुधावांचून मलूल झालेल्या मुलाची काळजी आहे. आणि मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली तेव्हां तोच तुरुंग राजवाड्यासारखा वाटला, असें ती सांगते. म्हातारा बाप येऊन तिच्या पायां पडतो, पिकल्या केसांची आण घालतो. तिला त्याची दया येते. पण भांड्याला भांड्याखेरीज दुसरें नांव देतां येत नाहीं, तसें मलाही ख्रिस्ती याखेरीज दुसरें कांहीं म्हणवितां येत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर ती देते. आखाड्यांत जाण्याच्या आदल्या दिवशीं ती लेखणी खालीं ठेविते. पुढें काय झालें तें ज्याला वाटेल त्यानें लिहावें, हें तिचें अखेरचें सांगणें.

त्याप्रमाणें दुसर्‍यानें लिहिलें, आणि तिचें टिपण मध्यें ठेवून तिच्या मृत्यूची हकीकत पुरी केली. कार्थेजच्या मंडळींत हा ग्रंथ तिच्या स्मृतिदिनीं वाचला जाई. परंतु कालांतरानें त्याची एक आटोपशीर आवृत्ति तयार झाली. तिच्यांत पेर्पेतुआचें आत्मकथन गेलें व न्यायाधीशाचे प्रश्न आणि आरोपींचीं उत्तरें एवढेंच मुख्यतः उरलें. मूळ टिपणांत पतीचा उल्लेखही नव्हता. या आवृत्तींत तो आणून उभा करण्यांत आला. मध्ययुगांत प्रती निघाल्या त्या बहुतेक या आवृत्तीच्या. संत ऑगस्टिननें पेर्पेतुआच्या स्मृतिदिनीं तिचा गौरव करणारीं प्रवचनें केलीं. पण एका वादांत तिच्या टिपणाचा आधार विरुद्ध बाजूनें घेतला, तेव्हां ‘तिनें, किंवा ज्या कोणी तें लिहिलें असेल त्यानें’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करून त्यानें तिच्या लेखनाविषयींच शंका सूचित केली. मूळ लॅटिन ग्रंथ मोंते कासिनो येथील मठाच्या हस्तलिखितांत टिकून राहिला, आणि सतराव्या शतकांत तो छापून बाहेर आला.

कित्येकदां आवाज दाबणारें दुसरें कोणी नसतें. शहाणी स्त्री आपलाच आवाज जपून वापरते. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत रोममध्यें मार्सेला नांवाची एक श्रीमंत विधवा आपल्या घरीं धर्मग्रंथांचें अध्ययन करी. लॅटिन बायबलचा थोर भाषांतरकार जेरोम याच्यापुढें ती शंकांमागून शंका मांडी, आणि केवळ त्याच्या अधिकारावर तिचें समाधान होत नसे. तिची मैत्रीण पावला हिब्रू शिकली, आणि बेथलेहेम येथें जेरोमच्या भाषांतराच्या कार्याला तिच्या द्रव्याचें व आस्थेचें पाठबळ मिळालें. जेरोमनें या स्त्रियांना लिहिलेलीं पत्रें जपून ठेविलीं गेलीं. त्यांनीं त्याला लिहिलेलीं पत्रें मात्र जवळजवळ सगळीं नाहींशीं झालीं. मार्सेला इ. स. ४१० मध्यें, रोमच्या लुटीनंतर लौकरच वारली. तिच्यावरील मृत्युलेखांत जेरोमनें एक आठवण नोंदविली आहे. तो रोम सोडून गेल्यावर धर्मग्रंथांतील कठीण स्थळांविषयीं वाद पडला म्हणजे लोक, अगदीं धर्मगुरुसुद्धां, निर्णयासाठीं मार्सेलेकडे येत. ती उत्तर देई. पण तें स्वतःचें आहे असें न म्हणतां, हें जेरोमचें किंवा दुसर्‍या कोणाचें मत आहे, असें सांगे. स्त्रीनें शिकवूं नये हें वचन तिला ठाऊक होतें, आणि विचारावयास आलेल्या पुरुषांचा उपमर्द होऊं नये अशी तिची इच्छा होती. जेरोमनें ही आठवण तिच्या विनयाचें उदाहरण म्हणून दिली आहे. आजच्या वाचकाला तिच्यांतून निराळाच प्रश्न सुचतो: पुरुषांच्या नांवावर चालत आलेल्या भाष्यांत अशा किती मार्सेला असतील?

या आवाजांचा शोध लागला तोही अशाच अक्षरशः वाचनानें, आणि त्या कामांत स्त्रिया आघाडीवर होत्या. १८९२ सालीं स्कॉटलंडच्या अॅग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी सिनाय पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या संत कॅथरिनच्या मठांत गेल्या. अॅग्नेसबाईंनीं या प्रवासासाठीं सिरियाक भाषेचा अभ्यास केला होता. तेथें त्यांना एक चर्मपत्राचें हस्तलिखित मिळालें. त्यावरचा मजकूर होता संत स्त्रियांच्या चरित्रांचा. त्याखालीं खरवडून काढलेलीं पुसट अक्षरें होतीं, आणि तीं शुभवर्तमानांच्या एका अति प्राचीन सिरियाक भाषांतराचीं ठरलीं. त्यांनीं त्या पानांचे फोटो घेतले, आणि पुढें केंब्रिजच्या विद्वानांसह पुन्हां तेथें जाऊन मजकुराची नक्कल केली. कांहीं विद्यापीठांनीं या भगिनींना सन्माननीय पदव्या दिल्या. खुद्द केंब्रिज विद्यापीठानें मात्र स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडावें लागलें.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोंचतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं रूढि मोडून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें रमाबाईंना. स्त्रीला शास्त्राचा अधिकार आहे कीं नाहीं, हा वाद रमाबाईंनीं घरांतच अनुभविला होता. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु तेथेंही, धर्माधिकारी सांगतात एवढ्याच आधारावर एखादें मत मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला. त्यांचा तेथील गुरुभगिनीशीं झालेला पत्रव्यवहार त्याची साक्ष देतो. पुढें केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें त्यांनीं हिब्रू व ग्रीक मूळावरून संपूर्ण बायबलचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. खेड्यांतल्या साध्या बाईलाही तें कळावें, म्हणून संस्कृतप्रचुर भाषा टाळून सोपी मराठी वापरण्याचा त्यांचा कटाक्ष होता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि १९२४ सालीं तें बायबल प्रसिद्ध झालें.

या ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा भाषाशास्त्रज्ञ करोत. परंतु त्याच्या निर्मितीची रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लेखनिक, संपादक, भाषांतरकार व मुद्रक हे एकेक करून ज्या ग्रंथांतील स्त्रियांचीं नांवें पुसट करीत आले, त्याच ग्रंथाचें केडगांवीं एका स्त्रीनें मूळावरून भाषांतर केलें, आणि तेथील छापखान्यांत खिळे जुळविण्याचें कामही दुष्काळानें व वैधव्यानें निराधार झालेल्या स्त्रियांनीं व मुलींनीं केलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं युरोपांत युनियेच्या नांवावर पुल्लिंगी स्वरचिन्ह बसलें. ज्ञानाची वाट सरळ पुढेंच जाते असें समजणारांनीं हीं दोन सालें, १९२४ व १९२७, शेजारीं शेजारीं लिहून पाहावीं.